यलोस्टोनच्या वाटेवर गरी टाकण्याआधी: परराज्यातील पाहुण्याच्या मासेमारी परवान्याचे एक प्रकरण

अमेरिकेत मुलांकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या मराठी आईवडिलांपैकी कोकणातल्या अनेकांना मासेमारीची आवड असते, आणि उन्हाळ्याच्या सहलीत एखाद्या तळ्याकाठी गरी टाकून बसावे ही त्यांची इच्छा अगदी साधी असते. ती कायदेशीर मार्गाने पूर्ण करताना एका कुटुंबाला कोणते निर्णय घ्यावे लागले, ते पुढे मांडले आहे. कुटुंबाची संमती घेतली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शुल्काचे आकडे २०२३ च्या उन्हाळ्यातले आहेत. ते बदलत असतात, त्यामुळे प्रत्यक्ष जाताना ते पुन्हा पाहणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी

कुटुंब वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या पूर्वेकडील उपनगरात राहते. मुलगा आणि सून नोकरी करतात, नात अकरा वर्षांची आहे. मुलाचे वडील, ज्यांना येथे अण्णा म्हटले आहे, सिंधुदुर्गातील एका खाडीकाठच्या गावचे. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेल्या अण्णांनी आयुष्यभर भरती-ओहोटी पाहून गरवायला जाण्याचा नेम पाळलेला आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्याची बंदी असते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. मात्र खाडीच्या बांधावर बसून हाताने गरी टाकणाऱ्याला तिथे कुणी कागद विचारल्याचे त्यांच्या आठवणीत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये अण्णा व्हिजिटर व्हिसावर मुलाकडे आले. जूनच्या १० आणि ११ तारखेला वॉशिंग्टन राज्यात मोफत मासेमारीचा शनिवार-रविवार होता. दरवर्षी जूनमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या या दोन दिवशी परवान्याशिवाय मासे पकडता येतात. किती मासे आणि किती लांबीचे ठेवायचे, हे बाकीचे नियम मात्र त्या दोन दिवशीही लागू राहतात. मुलाने त्यांना लेक समामिश या तळ्यावर नेले. गांडूळ लावून अण्णांनी दोन पर्च पकडले आणि घरी तळले. दिवस आनंदात गेला, पण त्यातून एक चुकीची समजूत घरात रुजली. मुलाकडे राज्याचा वार्षिक परवाना आहे, अण्णांना नुकतीच कुणी हरकत घेतली नाही, तेव्हा सहलीतही असेच चालेल, असे सर्वांनी गृहीत धरले. मोफत दिवसाची ही सूट अनेक राज्यांत दिली जाते आणि नवख्या माणसाला मासेमारीची गोडी लावण्यासाठी ती उत्तम आहे, परंतु ती सूट होती हे पाहुण्याला त्याच वेळी स्पष्ट सांगायला हवे.

जुलैच्या मध्यावर पाच दिवसांची सहल ठरली होती. आधी माँटाना राज्यातील वेस्ट यलोस्टोन या गावी मुक्काम, मग यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान, आणि शेवटी दक्षिणेकडचे ग्रँड टिटन राष्ट्रीय उद्यान.

प्रश्न कुठे अडला

निघण्याच्या आठवडाभर आधी सुनेने विचारले की, वॉशिंग्टनचा परवाना माँटानात चालतो का. उत्तर शोधताना लक्षात आले की वाटेवरच्या पाण्यावर तीन वेगवेगळ्या यंत्रणांचा अधिकार आहे आणि वॉशिंग्टनचा कागद त्यांपैकी एकाही ठिकाणी उपयोगाचा नाही.

पहिले ठिकाण म्हणजे वेस्ट यलोस्टोनजवळचे हेबगेन तळे. ते माँटाना राज्यात असल्याने तिथे त्या राज्याचा परवाना लागतो, आणि परराज्यातील माणसासाठी तो एका कागदाचा नसतो. आधी संवर्धन परवाना, मग पाण्यातील उपद्रवी परक्या प्रजातींच्या प्रतिबंधासाठीचा पास आणि त्यानंतर प्रत्यक्ष मासेमारीचा परवाना, अशी तिन्हींची साखळी असते. त्या वर्षी ही रक्कम अनुक्रमे १० डॉलर, साडेसात डॉलर आणि एका दिवसासाठी १४ डॉलर, म्हणजे एकूण साडेएकतीस डॉलर होती. संकेतस्थळावरचा १४ हा आकडा पाहून खर्चाचा अंदाज बांधणाऱ्याची इथे फसगत होते.

दुसरे ठिकाण यलोस्टोन. उद्यानाचा बहुतेक भाग वायोमिंग राज्यात आणि थोडासा माँटाना व आयडाहोत आहे, तरीही या तिन्ही राज्यांचा परवाना उद्यानाच्या हद्दीत चालत नाही. सोळा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला उद्यानाचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो, जो त्या वर्षी तीन दिवसांसाठी ४० डॉलर, सात दिवसांसाठी ५५ आणि संपूर्ण हंगामासाठी ७५ डॉलरला मिळत होता.

तिसरे ठिकाण ग्रँड टिटनमधील जॅक्सन तळे. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. हेही राष्ट्रीय उद्यानच, यलोस्टोनपासून गाडीने थोड्याच अंतरावर, परंतु इथे उद्यानाचा मासेमारी परवाना नसतो, तर वायोमिंग राज्याचा लागतो. परराज्यातील माणसाला त्याचे एका दिवसाचे १४ डॉलर पडत होते. वार्षिक परवान्यासोबत घ्यावे लागणारे संवर्धनाचे तिकीट एक दिवसाच्या परवान्याला लागत नाही.

हे नियम असे का आहेत

या रचनेचे कारण समजले की ती लक्षात ठेवणे सोपे जाते, म्हणून इथे थोडे थांबणे योग्य वाटते. यलोस्टोन उद्यान १८७२ मध्ये घोषित झाले, तर वायोमिंगला राज्याचा दर्जा १८९० मध्ये मिळाला. उद्यान राज्यापेक्षा जुने आहे आणि तिथल्या वन्यजीवांबाबत अधिकार संघ सरकारकडेच राहिला. ग्रँड टिटनचे आजचे स्वरूप १९५० च्या कायद्याने आले. तोवर त्या खोऱ्यात राज्याचा कारभार रुळलेला होता, म्हणून मासेमारीच्या परवान्याचा हक्क राज्याकडे राहिला.

परराज्यातील माणसाकडून जास्त पैसे का घेतात, हा प्रश्न अण्णांनीही विचारला. अमेरिकेत वन्य प्राणी आणि मासे हे राज्याने आपल्या जनतेच्या वतीने सांभाळायचे असतात, अशी धारणा आहे. तिथे राहणारा माणूस वर्षभर कर भरून त्या सांभाळाचा खर्च उचलतो, पाहुणा तो उचलत नाही. याच माँटाना राज्याने परराज्यातील शिकाऱ्यांकडून कितीतरी पट अधिक शुल्क घेतले म्हणून खटला झाला होता, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. शिवाय १९५० च्या एका संघीय कायद्यानुसार मासेमारीच्या साहित्यावरील कराची रक्कम राज्यांना वाटली जाते, आणि कुठल्या राज्याला किती वाटा मिळेल हे ठरवताना तिथल्या परवानाधारकांची संख्या मोजली जाते. म्हणजे पाहुण्याने घेतलेला एक दिवसाचा परवानादेखील त्या पाण्याच्या संगोपनात जमा होतो. माझ्या मते हे शुल्क रास्त आहे, आणि ज्या पाण्यातून आपण मासा काढणार त्या पाण्याला ते देणे ही आपलीही जबाबदारी आहे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय एका परिचिताने सुचवला. वॉशिंग्टनमध्ये नव्वद दिवस राहिलेला माणूस रहिवासी धरला जातो, अण्णांना तेवढे दिवस होत आले आहेत, तेव्हा त्यांना रहिवासी दाखवून स्वस्तात परवाना घ्यावा. या सल्ल्यात दोन दोष होते. हा परवाना सहलीत कुठेच चालणार नव्हता, ही झाली व्यावहारिक बाब. त्याहून गंभीर बाब अशी की नव्वद दिवसांच्या अटीत त्या राज्यात कायमचे घर असणे अभिप्रेत आहे. ज्यांचे घर सिंधुदुर्गात आहे आणि जे व्हिसाच्या मुदतीत परत जाणार आहेत, त्यांनी सरकारी अर्जावर स्वतःला रहिवासी म्हणणे ही खोटी माहिती ठरली असती. व्हिसावर आलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत काही डॉलर वाचवण्यासाठी असला धोका कुणीही पत्करू नये. मुलाने हा पर्याय तिथल्या तिथे नाकारला, आणि या सबंध प्रकरणातला तो सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता असे मी मानतो.

दुसरा पर्याय असा की परवाना फक्त मुलाने काढावा आणि अण्णांनी शेजारी बसून मधूनमधून रॉड हातात घ्यावा. मासेमारीच्या नियमांत मासा पकडण्याचा प्रयत्न हीदेखील मासेमारीच असते, त्यामुळे रॉड ज्याच्या हाती त्याच्याजवळ परवाना हवा. नातीची गोष्ट वेगळी होती. यलोस्टोनमध्ये पंधरा वर्षांपर्यंतची मुले परवानाधारक मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली मासे पकडू शकतात किंवा त्यांना मोफत परवाना मिळतो. वायोमिंगमध्ये परराज्यातील चौदा वर्षांखालील मुलांना परवानाधारक प्रौढ सोबत असल्यास सूट आहे, फक्त त्यांनी पकडलेले मासे त्या प्रौढाच्या मर्यादेत धरले जातात. मुलांना मिळणारी ही सवलत वृद्ध पाहुण्यांनाही असेल, असे समजणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. ज्येष्ठांसाठीच्या सवलती बहुधा त्या त्या राज्याच्या रहिवाशांपुरत्याच असतात.

या पर्यायाचा आणखी एक धोका मुलासाठी होता. बहुतेक सर्व राज्ये एका आंतरराज्य करारात सहभागी आहेत, ज्यानुसार एका राज्यात शिकार किंवा मासेमारीचा हक्क निलंबित झाला तर तो इतर राज्यांतही निलंबित होऊ शकतो.

तिसरा पर्याय, दोघांनी सर्व ठिकाणचे परवाने घेण्याचा. त्याचा हिशेब माँटानाचे ६३, यलोस्टोनचे ८० आणि वायोमिंगचे २८, असा १७१ डॉलरवर गेला. गाइडसोबत बोटीतून जाण्याचाही विचार झाला, पण बोटीतल्या प्रत्येक पाहुण्याला आपापला परवाना लागतोच हे कळल्यावर तो मागे पडला.

शेवटी पाण्यानुसार निवड करायचे ठरले. माँटानात फक्त अण्णांनी एक दिवसाचा परवाना घ्यायचा, कारण हेबगेन तळ्यावर त्यांच्या सवयीप्रमाणे गांडूळ लावून गरवता येणार होते. यलोस्टोनमध्ये दोघांनी तीन दिवसांचा घ्यायचा. ग्रँड टिटनचा निर्णय तिथे पोहोचल्यावर, अण्णांची दमणूक पाहून करायचा.

प्रत्यक्षात काय केले

यलोस्टोनचे दोन्ही परवाने मुलाने घरूनच ऑनलाइन काढले, छापून घेतले आणि त्यांवर सह्या केल्या. माँटानाचा अर्ज मात्र अण्णांच्या नावाने भरताना सोशल सिक्युरिटी नंबरच्या, म्हणजे अमेरिकेतील सरकारी ओळख क्रमांकाच्या रकान्यापाशी अडला. मासेमारीच्या अर्जात हा नंबर का मागतात, याचे उत्तर मासेमारीत नाही. मुलांच्या पोटगीची वसुली सुकर व्हावी म्हणून १९९० च्या दशकातील संघीय कायद्यांनी राज्यांना करमणुकीच्या परवान्यांच्या अर्जांवरही हा नंबर नोंदवण्यास सांगितले आहे. अण्णांजवळ असा नंबर नव्हता आणि असणे शक्यही नव्हते. त्या क्षणी मुलाच्या मनात आपलाच नंबर घालण्याचा विचार येऊन गेला. सुनेने तो थांबवला, कारण त्यामुळे परवाना कागदोपत्री दुसऱ्याच व्यक्तीचा झाला असता.

वेस्ट यलोस्टोनला पोहोचल्यावर ते पासपोर्ट घेऊन परवाने विकणाऱ्या एका दुकानात गेले. तिथल्या कर्मचाऱ्याने नंबराशिवाय परवाना देता येत नाही असे सांगून त्यांना परत पाठवले. दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी राज्याच्या कार्यालयाला फोन लावला, पासपोर्टवरून अण्णांची नोंद केली आणि परवाना दिला. या धावपळीत दुपार टळून गेली, आणि परवाना त्याच तारखेचा निघाला. एक दिवसाचा परवाना ठरावीक तारखेचा असतो. अण्णांच्या वाट्याला हेबगेनच्या काठी संध्याकाळचे दोन तास आले. मासा लागला नाही.

यलोस्टोनमध्ये शिरण्यापूर्वीच्या रात्री मुलाने साहित्याची पेटी उघडून तपासली. हे काम त्याने मनापासून केले आणि ते पुढे उपयोगी पडले. उद्यानात गळाच्या टोकाशी असलेला उलटा काटा चालत नाही, म्हणून त्याने पकडीने प्रत्येक गळाचा काटा दाबून सपाट केला. शिशाची वजने चालत नाहीत, म्हणून अण्णांनी गावाहून आणलेली शिसे बाजूला काढून ठेवली. गांडूळ, कोळंबी किंवा कोणतेही खाद्य आमिष म्हणून चालत नाही, केवळ कृत्रिम आमिष वापरता येते. नमदा लावलेल्या तळव्याचे पाण्यात चालण्याचे बूटही तिथे बंद आहेत, कारण त्या तळव्यांतून उपद्रवी जीव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात. मॅडिसन आणि फायरहोल या नद्यांवर तर केवळ फ्लाय फिशिंगला, म्हणजे हलकी कृत्रिम माशी आमिष म्हणून फेकून मासे पकडण्याला मुभा आहे. अण्णांना ती पद्धत अवगत नसल्याने त्या नद्या यादीतून वगळल्या.

खाडीवर कोळंबी लावून बसणाऱ्या माणसाला चमकत्या पत्र्याचे आमिष पटवणे सोपे नव्हते. नातीने मोकळ्या मैदानात त्यांच्याकडून फेकण्याचा सराव करून घेतला.

यलोस्टोन तळ्याजवळ फिशिंग ब्रिज नावाचा पूल आहे. नकाशावर ते नाव पाहून अण्णांनी तिथेच बसायचे ठरवले होते, परंतु त्या पुलावरून मासेमारी १९७३ पासून बंद आहे. पुलाखाली कटथ्रोट ट्राउट अंडी घालायला येतात आणि एके काळी तिथे माणसांची एवढी गर्दी उसळायची की माशांना संरक्षण देणे भाग पडले. मग कुटुंब त्याच तळ्याच्या गल पॉइंट या काठावर गेले. तिथे एका रेंजरने परवाना पाहिला, गळ बोटाने चाचपून पाहिला आणि अण्णांशी बराच वेळ बोलत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या गळाला जबड्याखाली तांबड्या रेघा असलेला कटथ्रोट लागला.

हा मासा इथला मूळचा असल्याने तो जिवंत सोडावाच लागतो. याउलट त्याच तळ्यात लेक ट्राउट सापडला तर तो पुन्हा पाण्यात जिवंत सोडायचा नाही, असा नियम आहे. १९९४ मध्ये या तळ्यात परका लेक ट्राउट आढळला, त्याने कटथ्रोट खाऊन त्यांची संख्या झपाट्याने घटवली, आणि कटथ्रोटवर जगणारी अस्वले, पाणमांजरे व मत्स्यगरुड यांचेही अन्न कमी झाले. तेव्हापासून जाळी लावून लाखो लेक ट्राउट काढले गेले आहेत. ही हकिगत ऐकल्यावर अण्णांनी मासा सोडण्याबद्दल पुन्हा तक्रार केली नाही. लागलेला मासा सोडून देणे त्यांच्यासाठी अवघड होते, कारण त्यांच्या लेखी मासेमारीचा शेवट चुलीपाशी होतो.

निष्पत्ती

ग्रँड टिटनला जाताना प्रवेशद्वारावर समजले की यलोस्टोनचे प्रवेश तिकीटही इथे चालत नाही. दोन्ही उद्यानांची तिकिटे वेगळी आहेत. जॅक्सन तळ्याकाठच्या कोल्टर बे येथील दुकानातून अण्णांनी वायोमिंगचा एक दिवसाचा परवाना घेतला. मुलाने घेतला नाही, तो रॉडला हात न लावता बसला. नात आजोबांच्या परवान्याखाली रॉड टाकत होती. मासा मिळाला नाही, पण दोघे अंधार पडेपर्यंत काठावरून हलायला तयार नव्हते.

परवान्यांचा एकूण खर्च माँटानाचे साडेएकतीस, यलोस्टोनचे ८० आणि वायोमिंगचे १४, मिळून एकशे साडेपंचवीस डॉलर झाला. कुठेही दंड झाला नाही.

काय वेगळे करता आले असते

माँटानाचा परवाना ही या आखणीतली सर्वांत कमकुवत कडी होती. साडेएकतीस डॉलर देऊन दोन तास मिळाले. सोशल सिक्युरिटी नंबरचा अडथळा घरूनच दिसला होता, तेव्हाच राज्याच्या कार्यालयाला फोन करून पासपोर्टवर परवाना कोणत्या ठिकाणी मिळेल ते विचारता आले असते. दुकानात पोहोचायला उशीर झाल्यावर तरी परवाना दुसऱ्या दिवसाच्या तारखेने मागायला हवा होता. पैसे दिल्यावर तारीख बदलून मिळण्याची अपेक्षा धरू नये.

यलोस्टोनच्या बाबतीत तीन दिवसांऐवजी सात दिवसांचा परवाना घेतला असता आणि माँटाना वगळले असते, तर अण्णांच्या परवान्यांवर ४० अधिक साडेएकतीस यांऐवजी ५५ डॉलर लागले असते आणि सहलीची सगळी सकाळ-संध्याकाळ एकाच परवान्यावर घालवता आली असती. मात्र मग आमिष लावून गरवण्याची एकमेव संधी गेली असती. या दोहोंत काय निवडावे हे त्या माणसाच्या आवडीवर अवलंबून आहे, आणि माझा कल सात दिवसांच्या परवान्याकडे आहे.

उन्हाळ्यात पाणी तापले की यलोस्टोनमधल्या काही नद्या दुपारनंतर मासेमारीला बंद ठेवल्या जातात, कारण तापलेल्या पाण्यात पकडून सोडलेला ट्राउट बहुधा जगत नाही. या कुटुंबाने नद्या टाळल्याने त्यांना झळ लागली नाही, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी ही सूचना पाहावी.

पूर्व किनाऱ्यावरच्या वाचकांना हे प्रकरण जसेच्या तसे लागू होणार नाही. उदाहरणार्थ, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यामधून वाहणाऱ्या डेलावेअर नदीवर या दोहोंपैकी कुठल्याही एका राज्याचा परवाना पुरतो. न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर शुल्काचा परवानाच नसून मोफत नोंदणी करावी लागते. वयाची अटही सारखी नसते, वॉशिंग्टनमध्ये ती पंधरा तर कॅलिफोर्नियात सोळा वर्षांची आहे. म्हणून हे पाणी कुणाच्या अधिकारात येते, हे आधी ठरवून मगच परवान्याची चौकशी करावी.

अण्णांना माँटानाच्या त्या दुकानात मिळालेल्या कागदावर राज्याचा ग्राहक क्रमांक आहे, आणि तो पुढेही त्यांच्याच नावावर राहतो. पुन्हा येणे झाले तर सोशल सिक्युरिटी नंबरच्या रकान्यापाशी न अडता, या क्रमांकाच्या आधारे त्यांना परवाना घरूनच घेता येईल, म्हणून मुलाने तो कागद त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटातच ठेवून दिला आहे.